चुलीत गेलेला फारम

ग्रेस संध्याकाळी दवाखान्यातून आली की तिच्या साडीला फिनाईलचा वास येतो. माझी पोरगी तिथे फरशा पुसते. त्या वासाने मी तीस वर्षं मागे जातो.

नर्सिंगच्या फारमावर बापाची सही पाहिजे होती. मी जेमतेम सही शिकलेला, पण सही माझीच लागते याचा मला ताठा. आदल्याच रविवारी चर्चमध्ये उपदेशकाने कापडी तक्त्यावर बायबलातले शिंगवाले पशू दाखवून, आकडे जोडून सांगितलं होतं, प्रभू तीन वर्षांच्या आत येतो, आपल्या माणसांना स्वर्गात नेतो.

"कोर्स पुरा व्हायच्या आधी प्रभू येते. काहून शिकतं वं?" मी म्हटलं.

"बाबा, तो दिवस कोणालेच माहीत नाही, असं शास्त्रातच लिवलं आहे. अन् आला, तं नर्सच्या कपड्यात नाही नेणार का मले?"

तिची आई हसली. पोरीने मला शास्त्र शिकवावं? मी फारम चुलीत घातला.

ती तीन वर्षं सरली, वरची सत्तावीसही. माझं चुकलं, हे मी तिला अजून बोललो नाही.

आता ती भेगाळलेले हात जोडून जेवणाआधी म्हणते, "प्रभू, लवकर ये." मला आमेन म्हणवत नाही. तो आला, तर आधी माझ्याकडे तो फारमच मागेल.