निवडक गाण्यांची सीडी

माझी मुलगी लग्न होऊन जवाहरनगरला गेली, तेव्हा तिच्या सासऱ्यांविषयी माझ्या मनात काही वाकडं नव्हतं. ऑर्डनन्स फॅक्टरीतली नोकरी, नीटनेटकं क्वार्टर, बोलणं मोजकं. व्याही चांगला मिळाला, असं मी साकोलीला परतल्यावर बायकोला म्हटलंही होतं. मग एका दुपारी मी दुकानात असताना मुलीचा फोन आला. मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, आपल्या बँडच्या सगळ्या रेकॉर्डी आहेत, असं ती हरखून सांगत होती.

आपला बँड म्हणजे इंग्लंडातला एक जुना रॉक बँड. गिटार आणि ड्रमच्या जोडीला त्यांच्याकडे व्हायोलिन आणि त्याहून खर्जातले सेलो वाजवणारेही असत. आमचं घराणं विणकरांचं, वडिलांनी कापडाचं दुकान टाकलेलं. या संगीताशी आमचा काय संबंध? पण नागपूरला कॉलेजात असताना मी ते होस्टेलवर ऐकलं आणि पुढे तिथल्याच बर्डीच्या बाजारात त्यांच्या निवडक गाण्यांची सीडी मिळाली. ती आमच्या गाडीत कायमची बसली. माल आणायला नागपूरला निघालो की मुलगी शेजारी असायची. इंग्रजी बोल दोघांनाही धड कळत नसत. एका गाण्याच्या शेवटाकडे व्हायोलिनं एकदम वर चढतात, तिथे मी स्टिअरिंगवरचा हात उचलून हवेत फिरवायचो. मग तीही फिरवायची. साकोलीत दुसरं कोणी हा बँड ऐकत नसावं आणि ऐकूही नये, असं मला वाटे.

त्यानंतर तिच्या प्रत्येक फोनमध्ये रेकॉर्डी येऊ लागल्या. आपल्या सीडीवर ते हात फिरवायचं गाणं कापलेलं आहे, मूळ गाणं कितीतरी लांब आहे, असंही तिने एकदा सांगितलं. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला चुकीची साडी काढून दिली.

"तुम्ही जळून राहिले त्यायच्यावर," बायको म्हणाली.

मी नाही म्हटलं. पण त्या रविवारी काहीच काम नसताना आम्ही जवाहरनगरला गेलो.

जेवणं झाल्यावर व्याह्यांनी रेकॉर्ड प्लेअरवरचं कापड काढलं. मुलगी न सांगता उठली. कपाटातून रेकॉर्ड काढली, कडेने धरून मऊ फडक्याने पुसली आणि सुई अलगद टेकवली. आमच्या घरी तिने कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं.

"बाबा, आवाज वाढवू?" तिने विचारलं.

"हाव, वाढव ना," मी म्हणालो.

ती व्याह्यांकडे पाहत होती. त्यांनी मान हलवली, तेव्हा तिने बटण फिरवलं. मामाजींचे ते बाबा कधी झाले, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे बघून नजर खाली केली.

ते गाणं सुरू झालं. माझ्या सीडीवर जिथे आवाज विरत जातो, तिथे इथे सेलो सुरू झाले आणि बराच वेळ एकटेच वाजत राहिले. फार सुंदर होतं ते. ते मी पहिल्यांदा त्या माणसाच्या सोफ्यावर बसून ऐकत होतो. मग व्हायोलिनं पुन्हा वर चढली आणि व्याह्यांनी डोळे मिटून हात हवेत फिरवला. त्यांच्यामागे मुलीनेही. मी माझे हात मांडीखाली दाबून बसलो.

"निवडक गाण्यांच्या सीडीत हे सगळं कापून टाकतात," व्याही समजावत म्हणाले. त्यांच्या बोलण्यात हिणवणं नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

परतताना मी गाडीत सीडी लावली नाही.

पुढच्या महिन्यात मुलगी माहेरी आली. तिला साकोलीच्या बस स्टँडवरून घेतलं. गाडीत बसल्याबसल्या तिने सीडीवर तेच गाणं लावलं, तेव्हा मी म्हणालो, "तुले आता हे अपुरं वाटत असेल."

"अपुरं तर आहेच," ती म्हणाली. "पण तिकडे हे गाणं संपलं का माह्या डोक्यात लगेच आपलं पुढचं गाणं सुरू होते. तिथं दुसरंच लागते. मले दर वेळी चुकल्यासारखं होते, बाबा."

गाणं विरलं आणि सीडीवरचं पुढचं लागलं. ती पहिल्या ठोक्यापासून गुणगुणू लागली. घराच्या गल्लीशी आलो, तरी मी गाडी वळवली नाही. सरळ हायवेवर घेतली. कुठे चाललो, हे तिने विचारलं नाही. मला इतकं बरं वाटत होतं की पुढचं लाखनी गाव येईपर्यंत मी गाडी थांबवलीच नाही.

तिथे चहा घेताना तिने सांगितलं, की गाण्यांच्या क्रमाचं हे तिने सासऱ्यांनाही सांगितलं होतं आणि त्यांना आता ती सीडी एकदा ऐकायची आहे. मला सांगण्याआधी तिने त्यांना सांगितलं होतं.

"इकडे येऊन गाडीत बसून ऐका म्हणावं," मी म्हणालो. "सीडी गाडीतून काढत नसतो मी."