रिकामा येणारा डबा

जिना चढताना धाकटा मुलगा मधल्या पायरीवर थांबला, कठडा धरून खिशात किल्ली शोधल्यासारखं केलं आणि मग वर आला. किल्ली त्याच्या हातातच होती. आईने ते वरून पाहिलं आणि तिच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. कपडे वाळत घालताना, बातम्या ऐकताना ती मधली पायरी काही डोळ्यांपुढून हटेना.

वय अवघं चौतीस. नोकरी पोस्टमनची, आणि बीटही वडिलांचीच, टेकडीखालच्या अकरा गल्ल्या. स्वभाव असा की पार्सल द्यायला गेला तर ते उघडून, आतला पंखा जोडून, फिरतोय ना बघूनच निघणार. गल्लीतली कुत्री त्याच्यावर भुंकायचं कधीच विसरली होती. पट्ट्याला त्याने दाभणाने दोन भोकं वाढवली होती. आईने ती दाखवली तेव्हा म्हणाला, नोकरीत बढती नाही, निदान पट्ट्यात तरी होऊ दे.

शेवटी आई हात धुऊन मागे लागली आणि तिने त्याला रक्त तपासून घ्यायला लावलं. साखर काठावर होती, रक्तातली चरबी काठ ओलांडून गेलेली. शाळेत एवढे गुण पडले असते तर साहेब झालो असतो, असं म्हणून तो कागद बघून हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तीन महिने देते, आकडे उतरले नाहीत तर गोळ्या सुरू, असं त्यांनी बजावलं. काय खाता, असं विचारल्यावर आईनेच छाती पुढे काढून उत्तर दिलं होतं. बाहेरचा एक कण नाही, सगळं घरचं, ह्याच्या वडिलांनी एकतीस वर्षं खाल्लं तेच.

"जुनं जेवण चांगलंच असतं, काकू," बाई म्हणाल्या. "पण ते होतं तसं सगळं उचलावं लागतं. वडील बीटवर कशाने जायचे?"

"पायी."

"आणि हा?"

स्कूटरने. आईने तपासणीच्या कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

धाकटा तिथूनच डबा घेऊन कामावर गेला, आणि आईने घरी येऊन सगळा राग नवऱ्यावर काढला. ते गॅलरीत शेंगा सोलत बसले होते, बहात्तरीतही काडीसारखे ताठ. डब्याचे तेच चार कप्पे तुम्ही रोज फस्त करत होता, तुमचं हृदय घड्याळासारखं चालतं आणि पोराला धाप लागते, हा कुठला न्याय, असं तिने विचारलं.

म्हाताऱ्यांनी दोन शेंगा जरा जास्तच काळजीपूर्वक सोलल्या.

"अगं, सगळं मी कुठे खात होतो?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. कडधान्य, पालेभाजी आणि जाडंभरडं धान्य ते स्वतः खायचे. तळणीचा कप्पा टपाल छाटायच्या खोलीतल्या सहा जणांत फिरायचा. गोडाचा कप्पा शेवटच्या गल्लीतल्या एकट्या आजींना जायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात डबा अर्धा परत आला होता, तेव्हा तू दोन दिवस अबोला धरला होतास, मग पुन्हा कशाला विषाची परीक्षा, असं ते म्हणाले.

आई त्यांच्यासमोर शेंगांच्या सुपापाशी येऊन बसली. एकतीस वर्षं रिकाम्या डब्यावरून तिने भुकेचा अंदाज बांधला होता आणि दरवर्षी घास-दोन घास वाढवलेच होते. तोच डबा आता पोराच्या हाती. छाटायच्या खोलीत आता यंत्र होतं आणि जेवायला कोणी बसत नव्हतं. आजी कधीच्याच गेल्या होत्या. आईला वाईट वाटू नये म्हणून पोरगा चारही कप्पे एकटाच संपवत होता. त्यात जाडं पीठ दळणारी गिरणी बंद झाल्यावर तिने पांढरं मऊ पीठ आणायला सुरुवात केली होती, आणि पालेभाजी निवडायला डोळे साथ देत नाहीत म्हणून ती आठवड्यातून एकदाच व्हायची. जुन्या जेवणातलं तळण आणि गोड तेवढं तिने इमानेइतबारे सांभाळलं होतं.

"तुम्हीच मारणार होतात त्याला, दोघं मिळून," ती म्हणाली.

"दोघं म्हणजे मी आणि कोण?"

"मी," आई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. म्हाताऱ्यांनी शेंगांचं सूप मुकाट्याने तिच्याकडे सरकवलं. सोलायचं काम आजपासून वाटून घ्यायचं, पालेभाजी मी निवडेन, असं ते म्हणाले.

घड्याळात एकला दहा कमी होते. एकला धाकटा पिंपळाखाली गाडी लावून डबा उघडतो. बीटवर असताना त्याला फोन करायचा नाही हा तिचाच नियम. शिवाय तळणाचा आणि गोडाचा, वरचे दोन्ही कप्पे तसेच परत आण, मी रागावणार नाही, हे वाक्य तिने जन्मात कुणाला म्हटलेलं नव्हतं. ते तिने मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं.

"गाडीवर असेल, उचलायचा नाही," म्हातारे म्हणाले.

"वाजू दे," म्हणून तिने चष्मा लावला आणि फोन हातात घेतला.