पुडीचं कुणाला सांगायचं नाही

ती घटना मला आजही आठवते, आणि बहुतेक सकाळी, पहिला चहा समोर आला की. मी तेव्हा सोलापूरजवळच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. कुणाचं नाव लिहीत नाही. सगळे हयात आहेत, सुखात आहेत, ते तसंच राहू दे.

दुपारी सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून फोन आला. वळसंगच्या पुढच्या गावातला एक टेम्पोवाला बेशुद्ध अवस्थेत दाखल, विषबाधेचा संशय. ठाणे अंमलदार डायरीला नोंद घेत होता तोवर त्या माणसाचा धाकटा भाऊ ठाण्यात हजर.

"वैनीनं च्यात इख घातलं, साहेब. माज्या बायकोनं डोळ्यानं बघितलंय, पुडी सोडून च्यात टाकताना."

चौकशीत कळलं ते असं. सकाळी टेम्पोवाला चहा पिऊन घराबाहेर पडला. दुपारच्या आधीच दोघा मित्रांबरोबर शेतात प्यायला बसला. पहिला पेला संपतो न संपतो तोच चेहरा लालभडक, उलट्या, छातीत धडधड, आणि गडी आडवा. त्याच बाटलीतली प्यायलेले मित्र मात्र ठणठणीत होते, म्हणजे दारूत खोट नव्हती. नवरा रोज पिणारा, बायको त्रासलेली, पुडी बघणारी साक्षीदार घरातलीच. अशी आयती केस मिळाली की तरुण अधिकारी खूश होतो. मला मात्र आयत्या केसची भीती वाटते.

बायकोला आणून महिला हवालदारांसमोर बसवलं. पस्तिशीची, काटक, पदर घट्ट धरून बसलेली.

"पुडीत काय होतं?"

"म्हाईत न्हाय."

"कुणी दिली?"

समजावून झालं, दरडावून झालं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागेल, पोरांना सोडून आत जावं लागेल, तेही सांगितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड उघडेना. हवालदारबाई वैतागून म्हणाल्या, "काय दगड हाय ही बाई!"

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "रक्तदाब खाली चाललाय, साहेब. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय नेमका उपचार करता येत नाही. बाईंना बोलतं करा." मी ते शब्दाला शब्द तिला सांगितलं. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "साहेब, मधी शुद्ध आली आसंल तर दारू मागितली का त्येंनी?"

मी चमकलो. विष घालणारी माणसं मी पाहिली आहेत. ती विचारतात, वाचेल का, मला काय होईल. दारू मागितली का, असं कुणी विचारत नाही. बाईला नवऱ्याचा जीव घ्यायचा नव्हता, त्याचं पिणं थांबवायचं होतं.

मी खुर्ची पुढे ओढली. "ताई, ही दारू सोडवायची पुडी आहे ना?"

तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं. "बोलू नगा, साहेब! बोललं की गुण जातो. मग दुप्पट पितोय माणूस."

आठवडी बाजारात झाडपाल्याचं औषध म्हणून पुड्या विकणाऱ्या एकानं तिला कुलदैवताची शपथ घातली होती. नवऱ्याला कळू द्यायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आम्हाला वाटत होतं ती गुन्हा लपवतेय, आणि ती बिचारी आमच्यासमोर बसून नवऱ्याला वाचवत होती.

माझा आवाज चढलाच. "अहो, तुम्ही अशाच गप्प बसलात तर गुण बघायला माणूस राहायचा नाही!"

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि उरलेल्या पुड्या टेबलावर ठेवल्या.

मी आधी डॉक्टरांना फोन लावला, मग पुड्या जप्त करायला पंच बोलावले. 'दारू सोडवायची पुडी' एवढं ऐकताच डॉक्टर म्हणाले, "मग आलं लक्षात. तसल्या गोळ्या आम्हीही देतो. पुडीवाल्यानं कुटून विकल्या असणार." मला त्यांनी सोपं करून सांगितलं. दारू पोटात गेली की लिव्हर आधी तिचं एक विषारी द्रव्य करतं आणि लगेच त्याचा निचरा करतं. गोळी तो निचराच अडवते. मोरी तुंबावी तसं ते विष अंगात साठतं. "म्हणून तपासण्या करून, रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊनच देतात. न सांगता दिली तर तो नेहमीसारखा प्यायला बसणार, आणि एखाद्या दिवशी मरणार."

संध्याकाळपर्यंत गडी सावरला. पुढच्या बाजाराला आमच्या हवालदारबाई साध्या साडीत त्या पुडीवाल्याकडे गेल्या आणि नवऱ्याच्या नावानं इतकं छान रडल्या की पंचांचेही डोळे पाणावले. औषध निरीक्षकांना घेऊन छापा घातला. प्रयोगशाळेच्या अहवालात पिठीसाखर आणि कुटलेल्या गोळ्या निघाल्या. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, बाई साक्षीदार झाली.

पण मला सांगायचंय ते नवऱ्याच्या जबाबाचं. मी वॉर्डात गेलो तेव्हा डॉक्टर त्याला समजावत होते. पाय बधिर होतात ते क्लचमुळे नाही, दारूनं नसा गेल्यात. सकाळी हात कापतात आणि घोट घेतला की थांबतात, ते बरं होणं नाही. लिव्हरला सूज आहे, पण ते अजून कडक झालेलं नाही. "दारू थांबली तर ते बऱ्यापैकी भरून येईल. तुम्हाला अजून वेळ आहे." तो टक लावून ऐकत होता. हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी पुडीची सगळी हकिगत त्याला सांगितली आणि विचारलं, "पत्नीविरुद्ध तक्रार आहे?"

"हाय," तो म्हणाला. भाऊ पुढे सरकला. माझा पेन थांबला.

"मला इचारलं न्हाय तिनं."

"विचारलं असतं तर घेतलं असतंत औषध?"

चादरीवर त्याचे हात कापत होते. त्यांच्याकडं बघत तो म्हणाला, "न्हाय. हाणली असती तिला." मग दाराकडं मान वळवून म्हणाला, "आता इचार म्हणावं."

ती बाहेर व्हरांड्यात बसली होती. आत येऊन खाटेपासून लांबच उभी राहिली. "डाक्टर म्हणत्यात, हितं औषध देत्यात. सांगून. घ्याल का?"

"घेतो की."

मी जबाबात 'पत्नीविरुद्ध तक्रार नाही' असं लिहून त्याची सही घेतली. सही वाकडी आली, चालायचंच.

पुढे मधे एकदा तो घसरला, पण स्वतःच्या पायानं डॉक्टरांकडे परत गेला. आज त्याचा टेम्पो चालू आहे आणि हात स्थिर आहेत. माणसांना बोलतं करण्यात माझी हयात गेली, पण पिणाऱ्याच्या घरात काय चालतं ते मला या केसनं शिकवलं. तिथं भांडण रोज होतं, शपथा होतात, अंगारे होतात. फक्त त्या माणसाला कुणी शांतपणे विचारत नाही. निवृत्तीनंतरही बायाबापड्या माझ्याकडे येतात, साहेब, दारूवर काही औषध सांगा म्हणतात. मी डॉक्टरांचा पत्ता देतो, पण त्याआधी एकच प्रश्न करतो. त्यांना विचारलंत का? बहुतेक जणी माझ्याकडे बघतच राहतात.