काकीचा विस्तव

लोकांना घाबरवण्यात मी एके काळी फार वाकबगार होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुरबाडला संकटकाळाच्या तयारीचं दोन दिवसांचं शिबिर भरलं आणि आमच्या वाडीतून मला पाठवलं, कारण माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता. परतलो तो गळ्यात शिट्टी घालूनच.

वाडी म्हणजे सिद्धगडाच्या पायथ्याकडची, वहाळाकाठची सात घरं. त्या सात घरांसमोर मी रोज संध्याकाळी खेळ लावायचो. शिबिरात मिळालेल्या पत्र्याच्या डब्यात टॉर्च, दोरी, पट्ट्या, मेणबत्ती, माचिस. झाकण मी असं हळूहळू उघडायचो, जणू आतून नागच निघणार आहे. मग माचिसची काडी ओढायचो. "बघा! भर पावसात कोरडी!" बायका म्हणायच्या, "परत दाखव ना रे!" मी परत दाखवायचो. प्रेक्षकांनी मागितलं आणि मी दिलं नाही, असं आयुष्यात झालेलं नाही.

शेवटचा धडा मी आवाज खाली आणून सांगायचो: घर सोडताना आधी चूल विझवा.

आता आमच्याकडची रीत सांगतो. पावसाळ्यात माचिस सादळते, म्हणून शेजारची काकी आगोटीला पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत चुलीतला विस्तव विझू द्यायची नाही. भाताचं तूस आणि राख घालून निखारे झाकून ठेवायची. सकाळी प्रत्येक घरातली बाई कौलाचा तुकडा घेऊन तिच्याकडे विस्तव मागायला यायची. मी लहानपणापासून हे पाहत होतो. पण शिबिराच्या वहीत ते नव्हतं.

जुलैत तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी दुपारी वहाळाचं पाणी अंगणात शिरलं. माझा प्रवेश! शिट्टी फुंकत मी घरोघर फिरलो, सगळ्यांना टेकाडावरच्या शाळेत जायला सांगितलं, आणि प्रत्येक चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. चुलीतून वाफ निघाली की माझी छाती एक इंच फुगायची.

काकी दारात उभी होती. डोक्यावर इरलं, हातात मडकं, मडक्यात राखेखाली विस्तव.

"काकी, हे कुठं?"

"शाळंत. लेक बाळंतीण हाय ना रे. शेक नको तिला?"

तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली होती, पाच दिवसांची.

"आग घेऊन शाळेत जायचं नाही. नियम आहे."

"नियमाला काय म्हाईत, माझी नात केवढी हाय ते?"

मागं सगळी वाडी उभी, डोक्यावर बोचकी घेऊन बघत होती. एवढे प्रेक्षक समोर असताना माघार घेणं मला जमलं नाही. मी तिच्या हातातलं मडकं घेतलं आणि अंगणातल्या पाण्यात बुडवलं. चर्र आवाज झाला. काकीनं ओलं मडकं माझ्या हातून परत घेतलं.

टेकाडाच्या पायथ्यापर्यंत कमरेएवढं पाणी, आणि गड्यांच्या माचिसी कमरेलाच खोचलेल्या. शाळेत पोचल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्या डब्याकडे वळल्या. मी तो उघडला, या वेळी पटकन. माचिस होती. काड्या सगळ्या खेळात संपल्या होत्या.

बाळ आधी रडत होतं. मग रडायचं थांबलं आणि दूध ओढेना. ओठ जांभळे पडले. काकीनं ते ओलं धडुतं सोडून लेकीच्या उघड्या छातीशी लावलं, वर दोघींचा मिळून होता तेवढा सुका कपडा गुंडाळला, बायकांना भोवती चिकटून बसवलं आणि स्वतः उठली.

"वरच्या वाडीतून विस्तव आणते."

वरची वाडी म्हणजे अर्ध्या तासाचा चढ, निसरडा. काकीनं साठी ओलांडलेली.

मी म्हणालो, "मी येतो बरोबर."

"तू बस," ती म्हणाली. "तू इझवशील."

कोणी हसलं नाही. माझ्या आजवरच्या प्रयोगांत हीच एक जागा अशी, जिथं लोक हसले असते तर मला बरं वाटलं असतं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागून त्या बाळाचा आवाज येतो का, ते ऐकत होतो. येत नव्हता.

काकी परतली तेव्हा उजेड कमी होत आला होता. गुडघा फुटला होता, पण इरल्याखाली धरलेलं मडकं गरम होतं. शाळेचं एक मोडकं बाक जाळलं. तासाभरानं पोर किंचाळली आणि आईच्या अंगाला झोंबली. बायका रडल्या. मी बाहेर पावसात जाऊन रडलो; भिजलेल्या तोंडावर ते कोणाला दिसत नाही.

इथवर सांगून थांबलो असतो तर मी जरा बरा माणूस ठरलो असतो.

महिन्याभरानं पाहणीला आलेल्या साहेबांनी लिहून नेलं: सर्व चुली वेळेवर विझवल्या, जीवितहानी नाही. मुरबाडला पुन्हा शिबिर होतं, तिथं मला नारळ दिला आणि बोलायला उभं केलं. मी पाणी सांगितलं, शिट्टी सांगितली, चुलींची वाफसुद्धा सांगितली. मडक्याचा शब्द काढला नाही. डोळखांबकडच्या एका माणसानं विचारलं, "आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या विस्तव सोडत नाय. तुमी कसं पटवलंत?"

मी मान तिरकी केली आणि म्हणालो, "प्रेमानं."

टाळ्या पडल्या. तो माणूस वहीत लिहून घेत होता.

संध्याकाळी काकी नातीला मांडीवर घेऊन तेल लावत बसली होती. तिनं विचारलं, "काय सांगितलंस रे तिथं?"

"सगळं सांगितलं, काकी."

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता दुसरा कोण असं करायचा नाय."