बॉयलरच्या फोटोला हार

बायकोच्या फोटोला मी हार घालू देत नाही. सून म्हणते, "मामा, लोक काय म्हणतील?" म्हणू दे. हार घातला की माणूस गेलंच, हे बायकोनंच शिकवलंय.

मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. नव्वदनंतर तिथं कॉम्प्युटर आला. पडद्यावर आमचाच बॉयलर. खऱ्यात पाणी उतरलं की चित्रातही उतरायचं. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेला आमच्या गावाहून, सिरसाळ्याहून बायको आलती. साहेबांनी हार पडद्यालाच घातला.

ती कडाडली, "सायब, जित्याच्या फोटूला हार घालत्यात व्हय?"

साहेब हसले. "मावशी, दोन्ही एकच हो."

"ह्यो पडद्यावरला फुटला तर माणूस मरतंय का?"

साहेबांनी हार काढला. तिनं तो खऱ्या बॉयलरला बांधला. घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही. माझ्या जिवासाठी लई भ्यालती.