ढगोबाचा भरभराटीचा महिना

गल्लीच्या टोकाला उंच छताची एक खोली होती आणि तिथे कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या माणसाला सगळे ढगोबा म्हणत. सकाळी काळ्याभोर मिशांनी आत शिरलेला हा गृहस्थ दुपारी बाहेर यायचा तो भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढराफटक. शिंकला की खरोखरच एक ढग सुटायचा आणि समोरचा इस्त्रीवाला ओरडायचा, "अरे बाबा, तिकडे तोंड कर! माझ्याकडे आज सगळे काळे कोट आहेत!"

खोलीत सामान म्हणाल तर एक लांबलचक कमान, छताच्या आकड्याला दोरीने टांगलेली. तिच्या ताणलेल्या तारेवर लाकडी ठोका पडला की टंग्ग असा आवाज निघायचा आणि दगडासारखा बसलेला कापूस फुलून गुडघ्यापर्यंत यायचा. एका कोपऱ्यात बायको खोळी शिवत बसायची. नवरा-बायको बोलायचे तेही ठोक्याच्या तालात. दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढं मावेल तेवढंच.

ढगोबाचं सगळं बरं होतं, फक्त मेहुणा तेवढा पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होता. ठरल्या तारखेला पगार आणि पुढे पेन्शन, त्यामुळे त्याला जगातल्या बाकीच्या माणसांची फार दया यायची. लग्नातच तो बहिणीला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ताई, हा माणूस चपटा कापूस घेतो, त्यात हवा भरतो आणि हवेचे पैसे लावतो. हवेवर संसार चालतो होय?" यावर नवरदेवाने लगेच उत्तर दिलं, "पाहुणे, तुम्ही पाणी विकता, आम्ही हवा विकतो. एकूण धंदा एकच!" मांडव हसला, पण मेहुण्याचं बोलणं ढगोबाला लागलं ते लागलंच.

मग एके वर्षी नदी गावात शिरली आणि दोन दिवस मुक्कामालाच राहिली.

पुरात सगळ्यात आधी काय मरतं, तर गादी. कपाट पुसता येतं, भांडी घासता येतात, पण भिजलेली गादी म्हणजे मेलेली म्हैस. चार जण लागतात हलवायला, आणि वास तर विचारू नका. पाणी ओसरलं तशी गल्लीभर गाद्यांची रांग लागली, थेट ढगोबाच्या दारापर्यंत. त्याच्याही खोलीत गुडघाभर पाणी आलं होतं, पण कमान टांगलेली असल्यामुळे वाचली. गाद्या उसवायच्या, कापूस गच्चीवर वाळवायचा, पिंजायचा, धुतलेल्या खोळीत भरायचा. नवरा-बायको जेवायचे ते उभ्याउभ्या.

त्या गाद्यांच्या पोटातून काय काय निघालं! एका निवृत्त हेडमास्तरांच्या गादीतून त्यांची कवळी निघाली. ती हरवली तेव्हा घरच्यांनी कुत्र्यावर आळ घेतला होता आणि बिचाऱ्याला जावयाकडे धाडलं होतं. ढगोबा कवळी परत द्यायला गेला तर मास्तरांनी ती शर्टाला पुसली आणि तिथेच तोंडात घातली. "बसते अजून!" म्हणाले. मास्तरांच्या बाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

अशा धामधुमीत सर्वेवाली मुलगी आली. पुराने घराघरांच्या कमाईचं काय झालं आणि किती घरं गरिबीत ढकलली गेली, याचा अंदाज बांधायला सरकारने माणसं नेमली होती. आधीची कमाई विचारायची, मागच्या महिन्याची विचारायची आणि ज्यांची घटली त्यांना वर्षभर दरमहा काही रक्कम सुरू करायची. आता ढगोबाला भाड्याने दिलेल्या त्या खोलीवर मालकाचा डोळा होताच. मोबाईलच्या दुकानाला दिली तर भाडं दुप्पट येईल, असं तो येताजाता ऐकवायचा. म्हणजे ही रक्कम ढगोबाला पुढे किती लागणार होती, ते सांगायला नको. पण त्या दिवशी त्याला पुढचं कुठलं दिसणार? दारात गाद्यांचा डोंगर होता.

आणि नेमका मेहुणा आपली गादी न्यायला येऊन बसला होता.

"काका, पुराच्या आधी महिन्याला किती मिळायचे?" मुलीने विचारलं.

ढगोबाने खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेहुणा खाकरला. झालं. "आधी काय, माश्या मारत होतो," असं म्हणून ढगोबाने खऱ्याहून जरा कमीच आकडा सांगितला. उडी खालून मारली की उंच दिसते ना!

"आणि मागच्या महिन्यात?"

"तिप्पट!"

खरं तर दुप्पट. बायकोची सुई थांबली. "अहो..."

"तू शीव गं!"

मेहुण्याने चष्मा काढून पुसला. "दाजी, मग एकदा जेवायला बोलवा की आम्हाला."

"बोलवू की! पोटभर हवा वाढू!"

मुलगीसुद्धा हसली. आकडे लिहून घेतले आणि पुढच्या घरी गेली. त्या संध्याकाळी ढगोबा गल्लीतून असा चालला की जणू नदी त्यानेच आणली होती.

गाद्या संपल्या. आधी रांग संपली, मग दारातला ढीग, मग आतला. शेवटची गादी गेली त्या दिवशी ढगोबाने अंगावरचा कापूस झटकला आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसला. आठवडा गेला, महिना गेला. नीट पिंजून भरलेल्या गादीकडे चार-पाच वर्षं बघावं लागत नाही, हे तोच सगळ्यांना छाती ठोकून सांगायचा. नवी गादी करावी तर लोकांच्या हातात पैसा उरला नव्हता.

बायकोच्या ते आधी लक्षात आलं. रिकाम्या खोळीवर हात ठेवून ती म्हणाली, "अहो, आपण एका महिन्यात चार वर्षं खाल्ली."

मदतीची यादी लागली, तिच्यात इस्त्रीवाला होता, गल्लीतले बाकीचे दुकानदार होते, ढगोबा नव्हता. स्वच्छ सदरा घालून तो सर्वेच्या कार्यालयात गेला. तीच मुलगी टेबलाशी होती. तिने त्याला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, तुमचं घर वर गेलंय. पुराने ज्यांची कमाई वाढली, त्यांच्यात आहात तुम्ही."

"बाई, मी तेव्हा जरा फुगवून सांगितलं," ढगोबा खाली बघत म्हणाला. "तिप्पट नव्हते, दुप्पट होते. आणि आधीचे कमी सांगितले. मेहुणा बसला होता हो शेजारी."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं आणि खरे आकडे घालून पुन्हा हिशेब केला. केलेला पुन्हा तपासला. मग मान वर न करता म्हणाली, "खरं सांगितलं असतंत तरी यादीत आला नसता. दुप्पट म्हणजेसुद्धा वाढच ना."

ढगोबाला वाटलं होतं, खोटं कबूल केलं की पुढचं सगळं सरळ होईल. त्याच्यापाशी कबूल करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"मग आज विचार की. आज काही नाही गं बाई. मागच्या महिन्यातही नव्हतं, पुढच्याही नसणार. पूर मला आत्ता आलाय."

"कळतंय काका. पण विचारायचा महिना ठरलेला होता. तो सगळ्यांना एकच. आता अंदाज वरच्या कार्यालयात गेलाय." समोरचा फॉर्म त्याच्याकडे वळवून ती म्हणाली, "तुम्ही आज सांगताय ते लिहायला माझ्याकडे जागाच नाही."

ती खोटं बोलत नव्हती, टाळतही नव्हती. म्हणून तर भांडायचंही राहून गेलं.

खोली गेली. मालकाने भाड्यासाठी पुढचा महिना थांबायची तयारी दाखवली, त्याच्या पुढचा नाही. आकड्यावरून कमान उतरवली तेव्हा छतातून थोडे पोपडे पडले, एवढंच. राहत्या घरी कमान टांगायला उंची नव्हती. मग ढगोबा ती खांद्यावर टाकून दारोदार फिरू लागला. कुणाच्या अंगणात, कुणाच्या जिन्याखाली, जिथे म्हणाल तिथे पिंजून देतो.

सगळीकडे आदर झाला. "ढगोबा, काय गादी केलीत! माझी कंबर सरळ झाली." "अहो, ती आता आमच्या नातवाला पुरेल!" प्रत्येक दारात त्याची वाहवा झाली आणि प्रत्येक दारातून तो रिकाम्या हाताने बाहेर पडला.

हेडमास्तरांच्या बाईंनी तर त्याला आत नेऊन पलंगावरच बसवलं. "बघा, जराही दबली नाही," म्हणून गादीवर हात आपटून दाखवला आणि पाणी आणायला आत गेल्या.

ढगोबा एकटाच बसला होता. त्याने चादरीचा कोपरा उचलला. खाली बायकोने घातलेला टाका होता. त्याने तो नखात धरला आणि ओढला. मग बोटाला गुंडाळून आणखी जोराने ओढला. बोट लाल झालं.

टाका तुटेना.