कारणाचा रकाना

लेक दहा वाजता सही करणार, हे काही केल्या आईच्या डोक्यातून जात नव्हतं. सकाळपासून तिने दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा तो उकळून काळा झाला. लेक खोट्या कागदावर सही करत नाही, हे अख्ख्या दवाखान्याला ठाऊक होतं. आज ती करणार होती, आणि कागद खोटा आहे हे एकट्या आईलाच ठाऊक होतं.

लेक दातांच्या दवाखान्यात विम्याचे कागद बघायची. नऊ वर्षं झाली. दर्शनी खोलीत काचेच्या खिडकीमागे तिचं टेबल, शेजारी कुरकुरणारा प्रिंटर आणि समोर गालाला हात लावून बसलेल्या माणसांच्या खुर्च्या. तिथे तिला सगळे कारणबाई म्हणायचे. त्याचं झालं असं की आरोग्य विम्याचं आणि दातांचं पहिल्यापासून वाकडं. दात किडला, हलला, कवळी बसवली, तर विमा ढुंकून बघत नाही. पण माणूस पडला, कशावर आपटला, गाडीने उडवला आणि त्यात दात गेला, तर तोच विमा पैसे देतो. म्हणजे सगळं येऊन थांबतं फॉर्मवरच्या एका रकान्यापाशी. कारण.

"लिहा ना हो ताई, पडलो म्हणून," एखादं गिऱ्हाईक खिडकीत वाकून कुजबुजायचं. "तुमच्या काय बापाचं जातंय?"

"बापाचं नाही, माझं जातं. बरं, कुठे पडलात?"

"घरात."

"किती वाजता? सोबत कोण होतं?"

इथे गृहस्थ अडखळायचा. मग ती एक्स-रे उजेडात धरायची. "काका, हा दात तीन वर्षं किडतोय. तीन वर्षं कोणी पडत राहतं का?" काकांनाच हसू फुटायचं, आणि हसतील त्यांचे दात दिसतील तसे त्यांचेही दिसायचे.

ज्याचं कारण खरं असेल त्याचा फॉर्म ती भरायची आणि तो रकाना त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. "मी वाचते, तुम्ही ऐका. खरं असेल तरच सही." असं करा म्हणून तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिचीच पद्धत.

या गोष्टी ती संध्याकाळी आईकडे येऊन रंगवून सांगायची. लेक आणि जावई दोन गल्ल्या सोडून राहायचे, त्यामुळे घरी जाताना आईच्या स्वयंपाकघरात अर्धा तास ठरलेला. लोकांच्या नकला करायची. "अहो, ते झालं असं की" अशी सुरुवात झाली की समजायचं, आता थाप येणार! आई पोट धरून हसायची. पण ऐकता ऐकता तिला विम्याची कलमं पाठ झाली. बाह्य आघात म्हणजे काय, कुठला शब्द चालतो आणि कुठला अडतो, सगळं.

चार महिन्यांपूर्वी आईने दातांनी अक्रोड फोडला. अडकित्ता खणात होता, पण उठायचा कंटाळा. अक्रोड फुटला नाही, सुळ्यामागचा दात फुटला. बरं, लेकीने याच गोष्टीवरून तिला शंभरदा बजावलेलं. "आई, सहासष्ट वर्षांची झालीस, दात आहेत का हातोडी?" अक्षरशः दातांच्या कण्या केल्या होत्या तिने. म्हणून फोनवर लेकीने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा आईच्या तोंडून निघून गेलं, "जिन्यात घसरले गं."

ओरडा चुकवायला बोलले, असं आईने पुढे चार महिने स्वतःला सांगितलं. अर्धं खरं होतं. घसरले हा शब्द कुठल्या रकान्यात जातो हेही तिला बोलताना माहीत होतं.

लेक धावत आली. सुजलेला गाल बघून रडायलाच लागली. तुटलेला दात काही बोलत नाही कशाने तुटलो ते. लेकीच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मूळ काढलं आणि तिथे नवा दात बसवायचं ठरवलं. खर्च मोठा होता. लेकीने फॉर्म भरला, पण आईला तिने कुठे, किती वाजता, सोबत कोण, यातलं काहीच विचारलं नाही. वाचूनही दाखवलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "आईला काय वाचून दाखवायचं?" म्हणाली, आणि कागद सहीला पुढे केला. आईने सही केली.

पैसे आले. आणि लेकीची काळजी सुरू झाली. तिने सुतार बोलावून जिन्याला दुसरा कठडा बसवून घेतला. पायपुसणी बदलली. रोज फोन, "पडली नाहीस ना?" जिना उतरताना ती आईचं कोपर धरायची. आई एरवी तुरुतुरु उतरणारी बाई, पण लेक बरोबर असली की एकेक पायरी चाचपत, थांबत उतरायला लागली. सोंग वठवायचं तर नीट वठवायला हवं ना! ते आठवलं की आता तिला स्वतःच्याच पायांची लाज वाटे.

मागच्या आठवड्यात विमा कंपनीच्या तपासनिसाचा फोन आला. कर्मचाऱ्यांच्या घरचे क्लेम ते पुन्हा तपासतात. माणूस गोड बोलणारा होता.

"आजी, काय झालं होतं? तुमच्या शब्दांत सांगा."

साधं "पडले हो" म्हटलं असतं तर कदाचित भागलं असतं. पण आईला वाटलं, नीट सांगावं, कुठे अडायला नको. "बाह्य आघातामुळे दाताच्या मुळाला इजा झाली," ती घडाघडा बोलली. "त्यापूर्वी सदर दात निरोगी होता."

"आजी, फार छान सांगितलंत. हे कोणी शिकवलं?"

"माझ्या मुलीने! नऊ वर्षं हेच काम करते ती. तिच्या हातचा एक क्लेम परत आलेला नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि त्यात अभिमान.

चार दिवसांनी दवाखान्यात पत्र आलं. कर्मचारी आपल्याच आईला पढवून खोटा क्लेम करते असा संशय आहे, तिचे मागचे सगळे क्लेम उघडून बघावे लागतील. डॉक्टरीणबाईंनी लेकीला तूर्त घरी बसायला सांगितलं.

काल संध्याकाळी ती आली. बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, एकच विचारते. तू पडली होतीस ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. दार बंद होतं, दोघीच होत्या. पण लेकीचे डोळे सुजलेले होते, आणि आई म्हणाली, "हो गं."

"झालं तर मग." दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "मग मी कोणाला भिऊ? उद्या दहाला विमा कंपनीचा माणूस दवाखान्यात येणार आहे, त्याला लेखी देते. आई पडली, मला माहीत आहे, खाली माझी सही. तू नको येऊस, उगाच जिने चढउतार."

आता नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. आईने आधी तपासनिसाचा नंबर शोधून काढला. त्याला सांगणं सोपं होतं. परक्यापुढे तोंड काळं झालं तर त्याचं तोंड पुन्हा बघावं लागत नाही. पैसे परत करते, चूक माझी, मुलीला काही माहीत नव्हतं. तीन वाक्यं.

पण मग लेकीला हे त्या माणसाच्या तोंडून कळलं असतं. टेबलापलीकडून, हातात पेन असताना.

आईने तो नंबर बाजूला ठेवला. लेकीला काय म्हणायचं ते ती मनात जुळवू लागली. अगं, ते झालं असं की... ती जागीच थांबली. खिडकीपाशी येऊन सगळे इथूनच सुरुवात करायचे. नाही, असं नाही. आधी "मी पडले नव्हते" एवढंच म्हणायचं, आणि गप्प बसून ती जे बोलेल ते ऐकायचं. तिने फोन आपटला तरी. पुढे महिनाभर आली नाही तरी.

साडेनऊला लेक घरातून निघते. आईने फोन उचलला आणि तिचा नंबर काढला.